अडथळा आणि आवाज

अडथळा हा शब्द आपल्या भाषेंत फारसा प्रतिष्ठित नाहीं. कार्यांत अडथळा आला म्हणजे आपण ज्योतिषाकडे जातों, रस्त्यांत आला म्हणजे वळसा घेतों आणि बोलण्यांत आला म्हणजे रागावतों. ज्याच्या वाटेंत अडथळे नाहींत तो पुरुष भाग्याचा, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. माझें आयुष्य मात्र या अडथळ्याचे गुण गाण्यांत गेलें. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकास दुसरें गत्यंतर नसतें. विजेच्या मार्गांत शेगडीची तार आडवी आली नाहीं तर पाणी तापत नाहीं. आणि ज्या मंडलांत कसलाच अडथळा उरत नाहीं त्याचा शेवट ठिणगींत व जळक्या वासांत होतो, हें मी दरवर्षीं नव्या मुलांना सांगतों. मुलें तें इमानानें वहींत उतरून घेतात. तें त्यांना पटतें कीं नाहीं, हा प्रश्न वेगळा.

हें सारें आज लिहिण्यास कारण माझा भाचा. गेल्या वर्षीं त्यानें एक जुनी मोटार विकत घेतली, आणि जो पैसा उरला तो तिच्या डिकींत दोन सबवूफर बसविण्यांत घातला. सबवूफर म्हणजे केवळ खर्जाचा ध्वनि काढणारा मोठा लाउडस्पीकर. त्याच्या शेजारीं अॅम्प्लिफायर, अॅम्प्लिफायरकडे बॅटरीपासून आलेली करंगळीएवढी जाड तांबडी केबल, आणि मागच्या कांचेची अखंड थरथर, असा सगळा थाट होता. बहिणीचा मला फोन आला. "दादा, हा गल्लीच्या तोंडाशीं आला कीं माझ्या फडताळांतल्या वाट्या वाजतात. तूं एवढें शास्त्र शिकवतोस, तुझें तरी तो ऐकेल." शेवटचा शब्द तिनें सहजच वापरला होता. पुढें जें झालें त्यांत नेमका तोच शब्द महत्त्वाचा ठरला.

मी त्याच्याकडे गेलों तो उपदेशाची तयारी करून नव्हे. ज्या वस्तूचा निषेध करावयाचा ती आधीं नीट समजून घ्यावी, ही वर्गांतली संवय वर्गाबाहेरही सुटत नाहीं. डिकी उघडून तो उत्साहानें सांगूं लागला, "मामा, सध्यां हे चार ओहमवर लावलेले आहेत. दुकानवाला म्हणाला, वायरिंग बदलून एक ओहमवर घेतले कीं आवाज चौपट होईल. खर्च कांहीं नाहीं. चार वायरी इकडच्या तिकडे करायच्या, बस्स!" या बोलण्यांत जेवढें सत्य होतें तेवढाच भ्रमही होता, आणि दोन्ही दुधांत पाणी मिसळावें तशीं एकजीव झालीं होतीं. तीं निराळीं करून पाहण्यासारखीं आहेत.

प्रथम सत्याचा भाग घेऊं. सबवूफरच्या पोटांत, लोहचुंबकाच्या अरुंद फटींत, तांब्याच्या बारीक तारेचें एक वेटोळें असतें. त्या धंद्यांत त्याला कॉइल म्हणतात. त्यांतून दिशा बदलणारा विजेचा प्रवाह वाहूं लागला कीं वेटोळें मागें-पुढें होतें, त्याला जोडलेला शंकु हवा ढकलतो, आणि ती ढकललेली हवा आपल्या कानाशीं येऊन पोंचते. भाच्यानें घेतलेल्या प्रत्येक सबवूफरला अशीं दोन वेटोळीं होतीं व प्रत्येकाचा अडथळा चार ओहमांचा होता. एका सबवूफरचीं दोन वेटोळीं एकापुढें एक, म्हणजे सिरीजमध्यें, जोडलीं तर अडथळ्यांची बेरीज होऊन आठ ओहम होतात; मग अशा दोन जोड्या समांतर लावल्या कीं आठाचे निम्मे, चार. उलट चारही वेटोळीं समांतर लावलीं तर विजेला चार वाटा एकदम मोकळ्या मिळतात, आणि अडथळा एका ओहमावर येतो. यात्रेच्या दिवशीं देवळाचा एक दरवाजा उघडण्याऐवजीं चार उघडावे, तसा हा प्रकार आहे.

अॅम्प्लिफायर हा, त्याच्या ताकदीच्या मर्यादेंत, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखा वागतो. टाकीची उंची तीच राहते. तोटी जितकी मोकळी तितकें पाणी अधिक. समजा, त्याचा दाब २० व्होल्ट आहे. चार ओहमांतून ५ अँपियर प्रवाह वाहील आणि १०० वॅट शक्ति मिळेल. दोन ओहमांतून १० अँपियर आणि २०० वॅट. एका ओहमांतून २० अँपियर आणि ४०० वॅट. मोटारींत या हिशेबाला विशेष महत्त्व येतें तें तिच्या बॅटरीमुळें. घरच्या यंत्रास भिंतींतून २३० व्होल्ट मिळतात. मोटारींत इंजिन चालू असतांना फार तर चौदाच्या आसपास. त्या चौदा व्होल्टांवर सरळ चालणारा साधा रेडिओ चार ओहमांच्या स्पीकरांत पंचवीसएक वॅटांहून अधिक शुद्ध शक्ति घालूंच शकत नाहीं. म्हणून घरांतले स्पीकर पुष्कळदां आठ ओहमांचे, तर मोटारींतले बहुधा चारांचे; आणि म्हणूनच मोठ्या अॅम्प्लिफायरांत आधीं व्होल्ट चढविणारी यंत्रणा बसवावी लागते. दाब वाढवितां येत नसेल तर अडथळा कमी करावा, ही युक्ति गरजेंतून निघालेली आहे. तिला पोरकट म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

ज्याच्या नांवानें हा अडथळा मोजतात तो गेऑर्ग झिमोन ओहम कोलोन येथें एका शाळेंत शिकवीत असे. विजेचा दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध मांडणारें त्याचें पुस्तक १८२७ सालीं प्रसिद्ध झालें. जर्मनींतल्या विद्वानांनीं त्याचें स्वागत इतक्या थंडपणें केलें कीं त्यानें आपली नोकरी सोडली. पुढें १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कॉप्ले पदक दिलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं याच ओहमनें कानासंबंधीं एक नियम मांडला: संमिश्र ध्वनि आला कीं कान त्यांतले साधे स्वर सुटे करून ऐकतो. विजेचा अडथळा आणि कानाचें ऐकणें या दोन्ही गोष्टींचा त्यानें विचार केला होता, हें त्याच्या नांवाचा जप करणाऱ्या दुकानदारांच्या गांवींही नसतें.

तथापि सबवूफरच्या बाबतींत ओहमचा साधा रोध पुरा पडत नाहीं. प्रवाह क्षणोक्षणीं दिशा बदलीत असला कीं वेटोळ्याचें चुंबकत्व आणि हलत्या शंकूची उलट प्रतिक्रिया हीं दोन्ही त्याला अडवूं लागतात. या एकत्रित अडथळ्यास ऑलिव्हर हेविसाइड यानें १८८६ सालीं इम्पीडन्स हें नांव दिलें. आपल्या परिभाषेंत त्यास संरोध म्हणतात. हा संरोध स्वरागणिक बदलतो. खोक्यावर चार ओहम छापलेलें असलें, तरी ज्या स्वरावर शंकु आपोआप डोलूं लागतो तेथें तो कित्येक पटींनीं वर चढतो. तात्पर्य, 'एक ओहम' हें सोयीसाठीं ठेवलेलें नांव आहे. गाणें चालू असतांना तो आंकडा एका ठिकाणीं क्षणभरही स्थिर नसतो. हा हेविसाइड लहानपणच्या आजारामुळें कानांनीं अधू झालेला होता. ज्यानें हा शब्द जगाला दिला, त्याला स्वतःला नीट ऐकूं येत नव्हतें.

अडथळा काढून टाकला म्हणजे त्याची किंमत कोणीतरी देतो. येथें ती प्रथम तारेला द्यावी लागते. जोडणीच्या तारेचा स्वतःचा रोध ओहमाचा एक दशांश आहे असें धरलें, तर चार ओहमांच्या जोडणींत शक्तीचा सुमारें अडीच टक्के भाग तारेंत जळतो. एका ओहमाच्या जोडणींत तोच भाग नऊ टक्क्यांवर जातो. नंतर किंमत द्यावी लागते ती बॅटरीला. हजार वॅट बाहेर काढणारा चांगला अॅम्प्लिफायर ऐन भरांत ९० अँपियरच्या आसपास प्रवाह ओढतो. खर्जाच्या प्रत्येक ठोक्यासरशीं मोटारीचे दिवे मंदावतात तें त्यामुळेंच. शेवटीं अॅम्प्लिफायर स्वतः तापतो, आणि तो शहाणा असेल तर स्वतःला बंद करून घेतो. कॉइलचीही तीच गत. तिच्यांत ओतलेल्या शक्तीपैकीं शंभरांतला एखादा भाग ध्वनि होतो. बाकी सारी उष्णता. तांबें तापलें कीं त्याचा रोध वाढतो. शंभर अंशांनीं तापलें तर जवळजवळ चाळीस टक्क्यांनीं. आपण मोठ्या युक्तीनें दूर केलेला अडथळा असा मागच्या दारानें पुन्हां घरांत येतो.

आतां भ्रमाचा भाग. शक्ति चौपट झाली म्हणून आवाज चौपट होत नाहीं. कान हा वॅट मोजणारा कारकून नाहीं. तो पटींना पायऱ्या समजतो. शक्ति दुप्पट केली कीं तीन डेसिबलांची एक लहानशी पायरी चढते, आणि ती लक्ष देऊन ऐकणाऱ्यासच नीट जाणवते. आवाज 'दुप्पट झाला' असें मनानें म्हणावें यासाठीं शक्ति दसपट, म्हणजे दहा डेसिबल, वाढवावी लागते. अगदीं खालच्या खर्जांत कान थोडा अधिक उदार होतो खरा. पण चौपटीच्या जवळपास तो तेथेंही जात नाहीं. म्हणजे १०० वॅटांचा आवाज मनाला दुप्पट वाटावा म्हणून १,००० वॅट हवेत, आणि चौपट वाटावा म्हणून १०,०००. तेवढी वीज मोटारीच्या बॅटरींतून मागणें म्हणजे शेळीच्या पाठीवर हौदा चढविण्यासारखें आहे.

हें भाच्याला मीं सांगितलें नाहीं. कॉलेजांतला ध्वनिमापक घेऊन एका रविवारीं सकाळीं आम्ही गांवाबाहेरच्या माळावर गेलों. वायरी मीं बदलल्या. कोणती जोडणी केव्हां केली तें त्याला कळूं दिलें नाहीं. आवाजाची कळ एकाच खुणेवर ठेवली होती. प्रथम ५० कंपनांचा सरळ स्वर, मग त्याच्या आवडीचें एक गाणें. एका ओहमाच्या जोडणीवर मापकाचा कांटा पांच डेसिबलांहून किंचित अधिक चढला. भाचा थोडा वेळ डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "मामा, वाढला, पण चौपट नाहीं. दीडपट म्हणा, फार तर पावणेदोनपट." त्याच्या प्रामाणिकपणाचें मला कौतुक वाटलें. ज्या गोष्टींत पैसा आणि हौस गुंतली आहे तिच्याविषयीं खरी साक्ष देणें मोठमोठ्यांस जमत नाहीं.

त्या माळावर मलाही त्याची हौस थोडीबहुत समजली. ५० कंपनांच्या ध्वनीची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. मोटारीच्या पोटांत ती मावतच नाहीं. तेथें ती लाट न राहतां हवेचा दाब होते आणि छातीवर हात ठेवावा तशी अंगाला लागते. मिरवणुकींतला ढोल जवळून गेला कीं पोटांत जें हलतें, तें ज्याला आवडत नाहीं असा मराठी माणूस मीं तरी पाहिलेला नाहीं. आजच्या मिरवणुकींत ढोलाच्या जागीं स्पीकरांची भिंत आली, तरी तिच्यामागें हाच चार ओहम आणि दोन ओहमांचा हिशेब चाललेला असतो. एक गमतीची गोष्ट अशी कीं कायद्याचा मापक या खर्जाकडे जवळजवळ दुर्लक्ष करतो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वसतीच्या भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. परंतु ती ज्या पद्धतीनें मोजतात तींत ५० कंपनांच्या स्वराचे ३० डेसिबल वजा होतात. माझ्या बहिणीच्या वाट्यांना ही वजाबाकी ठाऊक नाहीं. त्या वाजतातच.

डेसिबल हें नांव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्यावरून, त्याच्या निधनानंतर, टेलिफोनच्या इंजिनिअरांनीं ठेवलें. बेलच्या आईला फारसें ऐकूं येत नसे. पत्नी तर लहानपणापासून बहिरी होती. आवाज मोजण्याच्या मापाला ज्याचें नांव मिळालें, त्याच्या घरांत आवाज कसा दुर्मिळ होता, हें माझ्या मनांत माळावरून परततांना घोळत होतें. आणि त्याबरोबरच दुसरा एक हिशेब घोळत होता. तो मीं गाडींतच भाच्याला सांगितला.

तीन डेसिबलांची पायरी मनाला क्षुल्लक वाटते. शरीराला ती तशी नाहीं. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेंतील सरकारी संस्थेनें जी मर्यादा सुचविली आहे ती अशी: ८५ डेसिबल आवाजांत दिवसाला ८ तास, ८८ मध्यें ४, ९१ मध्यें २, ९४ मध्यें एकच. दर तीन डेसिबलांना वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलांस केवळ १५ मिनिटें उरतात. हे आंकडे सगळ्या ध्वनीचे आहेत. निव्वळ खर्ज त्या मानानें कमी घातक असतो. पण निव्वळ खर्ज ऐकतो कोण? खर्ज वाढविला कीं गाण्याचे शब्द त्यांत बुडूं लागतात, मग ते वर काढण्यासाठीं बाकीचा आवाजही वाढवावा लागतो. आपल्या अंतःकर्णांत ध्वनि टिपणाऱ्या सूक्ष्म केसाळ पेशी असतात. एका कानांत सुमारें १५,०००. त्या एकदां मेल्या म्हणजे माणसाच्या कानांत पुन्हां उगवत नाहींत. मन 'किंचित वाढला' म्हणतें त्याच वेळीं या पेशींच्या खात्यावर दुप्पट खर्च पडलेला असतो, आणि हें खातें आपल्याला कोणी दाखवीत नाहीं.

दाखवीत नाहीं हें मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. माझे वडील मुंबईंतल्या एका कापडगिरणींत साचेखात्यांत होते. १९५५ पासून १९८२ च्या संपापर्यंत सत्तावीस वर्षें त्यांनीं साचे चालविले. धोटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपटत जाणारे शेंकडों साचे एका छपराखालीं चालूं असले कीं आवाज शंभर डेसिबलांच्या आसपास असतो. मघांच्या हिशेबानें तेथली आठ तासांची एक पाळी म्हणजे बत्तीस दिवसांची शिधा एका दिवसांत संपविणें होय. खात्यांत माणसें एकमेकांचे ओठ पाहून बोलत. घरीं आल्यावरही वडील आमच्या तोंडाकडे पाहत असत. ती प्रेमळपणाची खूण आहे अशी आम्हां भावंडांची समजूत होती. प्रथम त्यांना चिमण्या ऐकूं येईनाशा झाल्या, मग लहान मुलांचे बारीक आवाज. 'स', 'श' आणि 'त' हीं अक्षरें त्यांच्या बोलण्यांतून नव्हे, तर ऐकण्यांतून गळून पडलीं. गिरणीनें त्यांच्या कापडाचें माप वाराला वार काढलें. कानांचें माप कोणीं काढलें नाहीं.

हें मी सांगत असतां भाचा गाडी चालवीत होता. आपल्या आजोबांना ऐकूं येत नसे हें त्याला ठाऊक होतें, पण तें म्हातारपणामुळें, असा त्याचा समज. बराच वेळ तो कांहींच बोलला नाहीं. मग म्हणाला, "मामा, मी लहान होतों तेव्हां त्यांना हाक मारायचों, ते वळूनही पाहत नसत. मला वाटायचें, मी त्यांना आवडत नाहीं." यावर काय बोलावें हें मला सुचलें नाहीं. एवढें मात्र सांगितलें कीं तो जन्मला त्या दिवशीं त्यांनीं सगळ्या चाळींत पेढे वांटले होते, आणि नांव काय ठेवलें म्हणून माझ्या बहिणीला तीन वेळां विचारलें होतें. तिसऱ्या वेळीं तिनें तें कागदावर लिहून दिलें. तो कागद त्यांनीं पुष्कळ दिवस सदऱ्याच्या खिशांत बाळगला होता.

एका पिढीनें पोटासाठीं जें गमावलें तें पुढच्या पिढीनें पदरचे पैसे मोजून गमवावें, असा काळाचा कांहीं नियम नाहीं. तथापि हें वाक्य मी त्याच्यापुढें उच्चारलें नाहीं. तरुण माणसाच्या आनंदाला मृतांची साक्ष काढून धाक घालणें मला रुचत नाहीं. आणि खर्जाचा तो धक्का छातीवर घेतांना त्याच्या चेहऱ्यावर जें समाधान मीं पाहिलें होतें, तेंही खोटें नव्हतें.

घरीं पोंचल्यावर त्यानें डिकी उघडली. मघां माळावरून निघतांना शेवटची जोडणी एका ओहमाचीच राहिली होती. अॅम्प्लिफायरवर हात ठेवून त्यानें पाहिलें व म्हणाला, "एक ओहमवर फार तापतो, मामा. जळायचा. चारवरच बरा." मीं तें कारण तत्काळ मान्य केलें, शास्त्रदृष्ट्या तें बिनतोड होतें. त्यानें स्क्रू सैल करून वायरी पुन्हां पूर्ववत् लावल्या, आणि मीं त्याला उजेड धरला. बहिणीच्या वाट्या अजून वाजतात, पण तिचा फोन त्या कारणासाठीं पुन्हां आलेला नाहीं.

ध्वनिमापक मात्र त्यानें आठवडाभर आपल्याकडे ठेवून घेतला. शनिवारीं तो परत आला तेव्हां डब्याबरोबर एक वही होती. तींत तारीख, वेळ, गाणें, कळीची खूण आणि डेसिबल असे पांच रकाने आंखलेले होते. सहावा रकाना मिनिटांचा होता.